पुठ्ठ्याची मोटार

कोणत्याही हुन्नराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने प्रथम दप्तराकडे धाव घ्यावी, असा दस्तूर आहे. कारण ज्या जिनसेवर जकात बसली, जिच्यासाठी परवाना काढावा लागला, जी बाजारात येताना हिशेबनिसाच्या वहीत निदान एक ओळ पाडून गेली, तिचा माग काढणे फारसे अवघड जात नाही. परंतु जी वस्तू कधी विकलीच गेली नाही, घरच्या माजघरात किंवा शाळेच्या वर्गात तयार होऊन कोणाच्या तरी वाढदिवशी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि चार-दोन पावसाळ्यांत सर्द होऊन रद्दीत जमा झाली, तिच्याबाबत दप्तर मुके असते. पुठ्ठा कापून, दुमडून आणि चिकटवून केलेली शोभेची मोटार ही अशा बिनदप्तरी जिनसांपैकीच एक होय. तिचा पूर्वेतिहास सांगायचा तर तिच्या शेजाऱ्यांचा, म्हणजे छापखान्यांचा, पत्र्याच्या खेळण्यांच्या कारखान्यांचा, शिक्षणशास्त्रज्ञांच्या योजनांचा आणि खुद्द मोटारीच्या सांगाड्याचा इतिहास धुंडाळावा लागतो. आणि तो धुंडाळू लागले म्हणजे असे दिसून येते की, कारखानदाराने तिला आपल्या पदरी फार दिवस ठेवून घेतले नाही, शाळेने तिला आत घेताना नाक मुरडले, आणि अखेर आप्तेष्टांना द्यावयाची भेट एवढ्या एकाच आश्रयावर तिने आपले आयुष्य कंठले.

सपाट कागदातून घनाकृती वस्तू उभी करता येते, ही कल्पना मोटारीहून सुमारे साडेतीन शतके जुनी आहे. न्यूरेम्बर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने 1525 साली भूमितीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात घन, चतुष्फलक आणि त्यांच्याहून गुंतागुंतीच्या आकृती त्याने एका अभिनव रीतीने दाखविल्या. वस्तू जशी डोळ्यांस दिसते तशी ती काढण्याऐवजी तिच्या कडा उसवून सगळे पृष्ठभाग कागदावर एकमेकांस लागून पसरले असता जो आराखडा होतो, तो त्याने काढून दिला. वाचकाने तो कापावा, रेघांवर दुमडावा, की घनाकृती तयार. त्याच शहरात त्याच सुमारास गेओर्ग हार्टमान नावाचा धर्मोपदेशक राहत असे, ज्याला उपासनेइतकीच वेधयंत्रांची गोडी होती. पितळी यंत्रराज बाळगणे सामान्य विद्यार्थ्याच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे त्याने यंत्रराजाचे भाग कागदावर छापून काढले, जेणेकरून ते कापून लाकडावर चिकटविले म्हणजे थोडक्या पैशांत आकाशाचे गणित करता यावे. या दोन माणसांच्या उद्योगातच पुठ्ठाकामाचे पुढचे सारे चरित्र बीजरूपाने आलेले आहे, असे मला वाटते: एकाने घडीचे शास्त्र दिले, आणि दुसऱ्याने ज्याला अस्सल परवडत नाही त्याने नक्कल करावी व ती स्वहस्ते करावी, ही परवानगी दिली.

या परवानगीचा व्यापार करण्याचे श्रेय मात्र फ्रान्सच्या व्होझ प्रांतातील एपिनाल या लहानशा गावाकडे जाते. तेथील झां-शार्ल पेलरँ याचे घराणे पत्ते बनविणाऱ्यांचे. पत्त्यांसाठी कागदाचे थर एकावर एक चिकटवून ताठ पुठ्ठा करणे आणि त्यावर साचा ठेवून रंग भरणे हे त्याला वडिलोपार्जित ठाऊक होते. 1796 मध्ये त्याने चित्रांचा छापखाना काढला आणि साधुसंतांची, लढायांची व लोककथांची रंगीत चित्रे खेडोपाडी पोचविली. पुढे एकोणिसाव्या शतकात याच छापखान्यातून कापून उभ्या करावयाच्या इमारती, किल्ले, गाड्या आणि यंत्रे यांचे तक्ते निघू लागले. पत्त्यांच्या कारागिराच्या हातून पुठ्ठ्याचे घर उभे राहावे यात नवल नाही. आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफाकार हेच मूळ काम करीत आला आहे. थर चिंचोक्याच्या खळीने एकजीव करून, घोटून, त्यावर रोगण चढवून तो दशावतारी खेळाची 120 वर्तुळाकार पाने तयार करतो, आणि ते पान हाताळून पाहिले म्हणजे कागदाचे लाकूड कसे होते हे कळते. फरक इतकाच की, आपल्या गंजिफाकाराचे पान सपाटच राहिले. त्याला ते दुमडण्याचे कारण पडले नाही. जे पान पिढ्यान् पिढ्या हातात खेळावयाचे त्याला मोड पडणे हा दोषच.

कागदाची वाण आपल्या मुलखाला नव्हती, हेही ओघानेच सांगितले पाहिजे. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची नावे पेशवाईच्या दप्तरांतून आढळतात, आणि पुण्याच्या कसब्यातील कागदीपुरा आपल्या नावातूनच जुन्या कारखान्यांची साक्ष देतो. परंतु तो कागद लिहिण्यासाठी होता, सनदांसाठी होता, हिशेबासाठी होता. मुलांनी तो कापून उधळावा इतका स्वस्त तो कधीच नव्हता. युरोपातही यंत्रावर अखंड पट्ट्याच्या रूपाने कागद निघू लागेपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत, परिस्थिती फारशी निराळी नव्हती. यंत्रकागद आला, शिळाछाप आला, मागोमाग रंगीत शिळाछाप आला, आणि मगच एस्लिंगेन येथील श्रायबर यांच्यासारख्या प्रकाशनसंस्थेला (तिची स्थापना 1831 ची) जर्मन घराघरांतून दिव्याखाली बसून कापता येतील असे तक्ते लाखोंनी विकणे शक्य झाले. त्या तक्त्यांत राजवाडे होते, प्रार्थनामंदिरे होती, आगगाड्या व आगबोटी होत्या. कात्री आणि खळ घेऊन बाप आणि मुलगा एका मेजाशी बसलेले आहेत, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घराचे एक ठरीव चित्र होऊन बसले.

अशा वेळी मोटार अवतरली. मानहाइमच्या कार्ल बेन्झने 29 जानेवारी 1886 रोजी आपल्या तीनचाकी वाहनाच्या सनदेसाठी अर्ज केला, त्या वेळी त्या वाहनाला झाकण्याजोगे अंगच नव्हते. बाक, चाके आणि मागे उघडे इंजिन एवढाच तो संभार होता. पुढील वीस-पंचवीस वर्षांत मोटारीला जे अंग आले ते घोडागाडीच्या कारागिरांनी दिले, आणि त्यांची रीत लाकडाच्या चौकटीवर सपाट किंवा एकाच दिशेने वाकविलेले पत्रे ठोकण्याची होती. 1908 साली बाहेर पडलेली फोर्डची ‘टी’ मोटार डोळ्यांपुढे आणावी: उभी काच, चौकोनी टप, पेटीसारखे नाकाड. अशी मोटार म्हणजे पुठ्ठ्याचे काम करणाराला देवाने दिलेला नमुनाच होय. पट्टी आणि गुण्या एवढ्या दोन साधनांवर तिचा आराखडा निघतो. जेथे गोलाई आहे तेथेही ती नळकांड्याची गोलाई आहे, आणि नळकांडे तर कागद नुसता गुंडाळला तरी होते.

येथे थोडे थांबून एका गणिती अडचणीकडे पाहिले पाहिजे, कारण या विषयाचे मर्म तिच्यात आहे. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, कोणते पृष्ठभाग न फाटता व न चुरगळता सपाट पसरता येतात याचा विचार केला होता. नळकांडे आणि शंकू त्या जातीत मोडतात, गोल मोडत नाही. गाउसने 1827 मध्ये या गोष्टीची जी उपपत्ती लावली, ती उच्च गणिताचा एक मानबिंदू समजली जाते. पण तिचा व्यवहारातला अर्थ मोसंब्याची साल पाटावर दाबून बसवू पाहणाऱ्या कोणत्याही पोराला कळतो. जो पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांनी फुगलेला आहे, त्यापुढे घडी हतबल होते. मग दोनच वाटा उरतात: एक तर त्या फुगवट्याच्या अरुंद पाकळ्या कापून त्या शेजारी शेजारी जुळवावयाच्या, अथवा पुठ्ठा ओला करून साच्यात दाबावयाचा, म्हणजे तंतूंना सरकून ताणण्याची मुभा द्यावयाची.

दुसऱ्या वाटेने जे लोक गेले, त्यांची कामगिरी पाहिली म्हणजे मन थक्क होते. सुमारे 1880 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत सॅक्सनीत, मुख्यतः ड्रेस्डेन आणि लाइपझिग या शहरांत, नाताळच्या झाडावर टांगावयाचे पुठ्ठ्याचे दागिने तयार होत असत. ओलसर पुठ्ठा नर-मादी साच्यांत दाबून त्यावर उठाव आणावयाचा, वस्तूचे डावे व उजवे अंग निरनिराळे काढावयाचे, आणि ती दोन्ही अंगे घरोघरच्या बायकांकडे मजुरीवर पाठवावयाची. त्यांनी कडा कातरून, अंगे जोडून, त्यांवर सोनेरी किंवा रुपेरी मुलामा चढवून ती परत आणून द्यावयाची, असा तो व्यवहार होता. वस्तूंची लांबी बहुधा दोन-तीन इंचांपलीकडे जात नसे. उंट, मोर, मासे, रथ, आगबोटी आणि, काळ पालटला तशा, मोटारीही या साच्यांतून निघाल्या. पुठ्ठ्याची ती मोटार हातात घेतली तर प्रथम धातूचीच भासते; वजन हाताला लागत नाही तेव्हाच ती फसवणूक ध्यानात येते. काही दागिने आतून पोकळ ठेवून त्यांत गोळ्या-मिठाई घालण्याची सोय केलेली असे, त्यामुळे तो अलंकारही असे आणि नजराण्याची डबीही असे. शोभेची, पुठ्ठ्याची, भेट द्यावयाची मोटार हा प्रकार व्यापाराच्या दृष्टीने याहून उंचीवर कधी गेला नाही. पण ते काम साच्याचे होते. पोलादी साचा कोरणारा कारागीर एक, आणि त्याच्या मेहनतीवर हजारो नग. घरच्या मेजावर बसून असे काही करणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते, आणि युद्ध आले तेव्हा साचे, बाजार व मजुरीच्या बायका यांची ती साखळी तुटली ती तुटलीच.

घडीच्या वाटेने जाणाऱ्यांना याच काळात एक निराळा प्रतिस्पर्धी भेटला. न्यूरेम्बर्गच्या बिंगसारख्या कारखान्यांनी कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर रंगीत चित्र छापून, तो पत्रा कापून, घड्या घालून, एका भागाच्या जिभा दुसऱ्या भागाच्या चिरांत खुपसून व मुरडून मोटारी केल्या आणि त्यांत किल्लीचे यंत्र बसवून त्या सगळ्या जगात विकल्या. बारकाईने पाहिले तर ही पत्र्याची मोटार म्हणजे एपिनालच्या तक्त्याचेच अपत्य होय. आराखडा तोच, छपाई तीच, घडी तीच, फक्त खळीच्या जागी जीभ आली. ती धावत होती, पुठ्ठ्याची धावत नव्हती. ती आपटली तरी पोचा पडून टिकत होती, पुठ्ठ्याची मान टाकत होती. खेळणे म्हणून पुठ्ठ्याच्या मोटारीचा दावा तेथेच निकालात निघाला.

याहून जबर फटका खऱ्या मोटारीने दिला. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने लाकडी चौकट काढून टाकून मोटारीचे संपूर्ण अंग पोलादी पत्रे दाबयंत्रात दाबून आणि जोडून करण्याचा चंग बांधला, आणि 1914 नंतर डॉज बंधूंनी त्याच्याकडून अशी अंगे मोठ्या प्रमाणावर घेतली. ड्रेस्डेनच्या कारागिराने ओल्या पुठ्ठ्यावर जे केले होते, तेच आता पोलादावर होऊ लागले. आणि पोलाद एकदा ताणले जाऊ लागल्यावर मोटारीने पेटीचा आकार कशासाठी पाळावा? 1934 च्या क्रायस्लर ‘एअरफ्लो’पर्यंत येता येता मोटारीचे नाक, गाल, खांदे आणि पाठ वाऱ्याच्या ओघाने घासल्यासारखी गुळगुळीत झाली. ती मोटार लोकांना रुचली नाही हे खरे, परंतु तिचा आकार मात्र पुढच्या दोन दशकांनी निमूटपणे उचलला. घडीवर काम करणाऱ्याच्या हातातून त्याचा नमुना असा निसटला.

कारखान्यातून व बाजारातून उठलेल्या या वस्तूने शाळेत आसरा घ्यावा, असे तिच्या हितचिंतकांना वाटले असल्यास नवल नाही, कारण त्या वेळी शाळांतून पुठ्ठाकामाला बरेच दिवस येत होते. शिक्षणशास्त्रज्ञ फ्रॉबेलने 1837 पासून ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी गोल, घन आणि नळकांडे यांच्या ज्या पेट्या सिद्ध केल्या, त्यांच्या जोडीला कागद दुमडणे, टोचणे, कातरणे व विणणे हे उद्योगही त्याने ठरवून दिले होते. मुलाने घनाकृतीकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे यावे आणि मग उलट प्रवास करून रेषेतून पुन्हा वस्तू घडवावी, असा त्यामागचा क्रम होता. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन याने 1870 नंतरच्या दशकात नेस येथे शिक्षकांसाठी जे हस्तव्यवसायाचे विद्यालय चालविले, त्याची कीर्ती साऱ्या युरोपात आणि अमेरिकेत गेली, आणि लाकडाला हात घालण्याआधी लहान मुलांनी पुठ्ठ्यावर मोजमाप, कापणी व जुळणी शिकावी, ही प्रथा त्या चळवळीच्या ओघात पुष्कळ ठिकाणी रुजली. पण सालोमोनचा एक दंडक कडक होता: मुलाने जी वस्तू करावयाची ती घरात उपयोगी पडणारी असली पाहिजे, चैनीच्या आणि निव्वळ शोभेच्या वस्तूंना त्याच्या नमुनामालिकेत थारा नव्हता. पेटी चालेल, कागदपत्रांचे पाकीट चालेल, भिंतीवरचा खण चालेल. मोटार? तिचा उपयोग काय?

आपल्याकडे हाच प्रश्न अधिक गंभीर स्वरात विचारला गेला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. सूत कातणे व विणणे यांना त्या योजनेत अग्रस्थान होते. सुतारकाम, शेती आणि त्यांच्या बरोबरीने पुठ्ठ्याचे व लाकडाचे काम यांचाही विचार होता. उद्योगातून ज्ञान यावे आणि शक्य तर शाळेचा खर्चही निघावा, ही दृष्टी असल्याने मुलाच्या हातची वस्तू विकली जाईल की नाही हा प्रश्न गौण नव्हता. दरिद्री देशात हा विचार अगदी रास्त होता, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. तथापि त्या तराजूत पुठ्ठ्याची मोटार कोणत्याही पारड्यात बसण्यासारखी नव्हती. ती अंग झाकत नव्हती, पोट भरत नव्हती आणि चार आण्यांना विकलीही जात नव्हती. पुढे आपल्या शाळांतून हस्तव्यवसायाचा तास आला तेव्हा घोटीव कागदाच्या फुलांबरोबर, काडेपेट्यांच्या फर्निचराबरोबर आणि पतंगी कागदाच्या आकाशकंदिलांबरोबर ती मागच्या दाराने आत आली खरी, परंतु प्रदर्शनाच्या मेजावर ठेवण्यापुरती. गुणपत्रक मिळाले की मूल ती घरी नेई, आणि मामाला, आत्याला किंवा नुकत्याच जन्मलेल्या भावंडाला देऊन मोकळे होई. सालोमोनला आणि वर्ध्याच्या योजनाकारांना ज्या निरुपयोगीपणाचा तिटकारा होता, तोच भेटवस्तूच्या बाबतीत गुण ठरतो. उपयोगाची वस्तू घेणारा ती वापरतो, निरुपयोगी वस्तू घेणाऱ्याला देणाराची आठवण ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

वर्ध्याच्या योजनेच्या सुमारासच पुण्यात 1940 साली हातकागद संस्था स्थापन झाली आणि जुन्नर-कागदीपुऱ्याची बुडू लागलेली विद्या चिंध्यांच्या लगद्यापासून नव्याने उभी राहिली, याचा पुठ्ठाकाम करणाऱ्याने विशेष आनंद मानावा. यंत्राच्या पुठ्ठ्यात तंतू एकाच दिशेला लोळतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सुरेख बसते, आडवी घातली तर कडेला कागद फुटून पांढरी दाढी उगवते. हातकागदात तंतू चहूकडे पसरलेले असल्यामुळे तो कोणत्याही दिशेने सारखाच दुमडतो. ज्याने एकदा मोटारीचे छप्पर यंत्राच्या पुठ्ठ्यातून आडवे दुमडून फोडले आहे, त्याला या गोष्टीची किंमत समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने पुठ्ठ्याला थोडे दिवस पुन्हा राजयोग आणला. धातू तोफांकडे गेल्यामुळे इंग्लंडात पत्र्याची खेळणी बंद पडली, आणि 1941 मध्ये जेफ्री हाय्‌वे नावाच्या गृहस्थाने ‘मायक्रोमॉडेल्स’ या नावाने पोस्टकार्डाच्या आकाराचे तक्ते काढले. त्यांतून बोटाएवढी आगगाडीची इंजिने, जहाजे आणि इमारती उभ्या राहत; सगळा संसार एका सिगारपेटीत मावे, त्यामुळे छावणीतल्या शिपायाला आणि हवाई हल्ल्याच्या आसऱ्यात बसलेल्या माणसाला तो सोयीचा पडला. पोलंडमध्ये 1957 पासून ‘मावी मोडेलाश’ हे मासिक निघू लागले आणि तेथे पुठ्ठ्याच्या प्रतिकृती हा राष्ट्रीय छंद झाला. धातू आणि प्लास्टिक जेथे महाग किंवा दुर्मिळ, तेथे हार्टमानची जुनी परवानगी पुन्हा पुन्हा अमलात येते.

आता थोडे हाताशी असलेल्या नमुन्यांकडे वळू. आपल्या देशात ज्या दोन मोटारींनी रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य केले, त्या या दृष्टीने एकमेकींच्या अगदी उलट निघाल्या. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, जी 1957 पासून 2014 पर्यंत तयार होत राहिली, ती मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डचे गोलाकार अंग घेऊन आली. तिचे खांदे, तिची पाठ, तिचे दिवे बसविलेले गाल, सर्वच दोन्ही दिशांनी फुगलेले. उलट कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, जी पुढे ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली आणि काळीपिवळी टॅक्सी होऊन मुंबईचे जणू बोधचिन्ह बनली, तिच्या कडा बऱ्याचशा सरळ, टप जवळजवळ सपाट, आणि मागच्या बाजूला पंखांसारख्या दोन ताठ रेघा. ॲम्बेसेडर पुठ्ठ्यात उतरविणे म्हणजे पाकळ्या कापण्याचे जिकिरीचे काम. पद्मिनी मात्र शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतूनही निघते. 30 ऑक्टोबर 2023 पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उठली, तेव्हा तर तिची प्रतिकृती ही आठवणीची भेट म्हणून अधिकच समर्पक झाली.

अशी प्रतिकृती करावयाची तर, खऱ्या पद्मिनीची लांबी चार मीटरांच्या किंचित आत आहे; विसाव्या हिश्शाने ती वीतभर होते, आणि शोभेच्या वस्तूला वीतभर पुरे. दोन बाजू आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे एकमेकींच्या उलट काढाव्यात (दोन्ही उजव्याच काढल्या जाणे हा नवशिक्याचा ठरलेला प्रमाद), आणि बॉनेट, पुढची काच, टप, मागची काच व डिकी मिळून एकच लांब पट्टी काढावी. या पट्टीच्या दोन्ही कडांना चिकटविण्यासाठी बोटाच्या पेराहून अरुंद अशा कडा ठेवाव्यात आणि जेथे बाजूची रेघ वळते तेथे त्या कडांना त्रिकोणी खाचा द्याव्यात. घडीची रेघ सुरीच्या धारेने नव्हे, तर तिच्या बोथट पाठीने किंवा शाई संपलेल्या पेनाने पट्टी धरून ओढावी. म्हणजे पुठ्ठा कापला न जाता दबतो आणि घडी आपसूक रेघेवर येते. ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरने 1879 मध्ये, कागदी पिशव्यांच्या यंत्रावर सरकलेल्या एका पट्टीने पिशव्या कापल्या गेलेल्या पाहून, दाबणे आणि कापणे एकाच ठोशात उरकणारी घडीची खोकी काढली. मिठाईचे प्रत्येक खोके त्याचेच ऋण वागविते, आणि घरचा कारागीर सुरीच्या पाठीने जे करतो त्यात तत्त्वतः वेगळे काही नाही.

चाक हे मात्र या मोटारीचे मर्मस्थान आहे. एकेरी पुठ्ठ्याचे चाक भाकरीसारखे वाकते आणि सगळी मेहनत मातीमोल करते. कर्कटकाने काढलेल्या पाच-सहा चकत्या, प्रत्येकीचा तंतू मागचीच्या तंतूला आडवा येईल अशा फिरवून, पातळ खळीने एकमेकींवर चिकटवाव्यात, रात्रभर जड पुस्तकाखाली दाबून ठेवाव्यात, सकाळी कड पॉलिशपेपरावर घासावी आणि मधून खराट्याची काडी आरपार घालावी. गंजिफाकाराची विद्या ती हीच. बाजारातली प्लास्टिकची तयार चाके आणून लावण्याची हल्ली रूढ झालेली चाल मला अप्रशस्त वाटते. तशी मोटार दुरून झकास दिसते, पण ती कोणी केली हे मग सांगता येत नाही. रंगाच्या बाबतीत मी इतका कर्मठ नाही. काळा आणि पिवळा घोटीव कागद, दिव्यांना बेगडाच्या टिकल्या, काचांना जिलेटीन, आणि जाळीच्या जागी मिठाईच्या खोक्यातला रुपेरी कागद, हा सगळा शृंगार तिला शोभतो, कारण ती मुळात शृंगारासाठीच आहे.

गंमत अशी की, ज्या मोटार-उद्योगाने घडीचा त्याग करून साच्याची कास धरली, त्याच उद्योगाला 1970 च्या सुमारास पुन्हा घडीचे वेड लागले. इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो याने त्या दशकात ज्या मोटारी आखल्या, त्यांत 1974 ची फोक्सवागन ‘गोल्फ’ आणि लोटस ‘एस्प्री’ या प्रमुख; त्या सपाट पृष्ठांच्या आणि धारदार कडांच्या शैलीला मोटारींचे जाणकार ‘दुमडलेल्या कागदाची शैली’ म्हणूनच ओळखतात. जगातल्या अव्वल आरेखकाने पोलाद हाती असताना कागदासारखा विचार करावा, हा पुठ्ठेकऱ्यांचा केवढा विजय! दहा-पंधरा वर्षांत वाऱ्याच्या बोगद्यातल्या मोजमापांनी मोटारी पुन्हा गोल केल्या, आणि तो विजय अल्पायुषी ठरला.

अलीकडे संगणकाने पाकळ्यांची अडचणही दूर केली आहे. ‘पेपाकुरा’ नावाची एक जपानी आज्ञावली शेकडो लहान त्रिकोणांनी घडविलेल्या कोणत्याही घनाकृतीचा सपाट आराखडा क्षणात काढून देते. मग ॲम्बेसेडरचे गालही अचूक निघतात. अशा प्रतिकृती मी कौतुकाने पाहतो, पण त्यांचा मोह मला पडत नाही. जेथे फुगवटा आहे तेथे किती सोडून द्यावयाचे आणि काय राखावयाचे, हा निवाडा करण्यातच घडीच्या कारागिराची अक्कल पणाला लागत असे. यंत्र काहीच सोडत नाही, म्हणून त्याला निवाडाही करावा लागत नाही. दुसरीकडे, 2018 च्या थर्माकोलबंदीनंतर महाराष्ट्रात गणपतीच्या मखरांसाठी पुठ्ठ्याला पुन्हा बाजार मिळाला आहे आणि घडी घालून कपाटात ठेवता येतील अशी मखरे घरोघरी दिसू लागली आहेत. मखर दरवर्षी लागते, म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. मोटारीला ते तेव्हाही नव्हते आणि आताही नाही, त्यामुळे जो ती करतो तो कोणासाठी तरीच करतो.

तेव्हा करणाऱ्याला एक व्यवहाराची सूचना करून ठेवतो. मोटार पोकळ असते आणि लग्नमुंजीत किंवा वाढदिवशी अहेराचे पाकीट तर द्यावयाचेच असते, म्हणून टप चारही बाजूंनी चिकटवून टाकू नये. पुढच्या काचेवरच्या घडीवर तो उघडमीट होईल असा ठेवावा, मागच्या कडेला एक जीभ आणि तिच्यासाठी एक चीर द्यावी. नोटांची चौपदरी घडी बसण्याइतकी जागा आत सहज राहते. वर लावायचा रुपया मात्र तळाला आधीच चिकटवावा, नाहीतर मोटार उचलताच तो आत खुळखुळतो आणि घेणाऱ्याला काही मोडले की काय अशी शंका येते.